चुकांची वही

वह्या तपासणे हे काम कंटाळवाणे, असे लोक म्हणतात. मला मात्र ते आवडते! म्हणूनच कोथरूडचा माझा एक जुना विद्यार्थी आपला उद्योग सांगू लागला, तेव्हा जणू भाऊबंदच भेटला.

ब्रायन पॉल या गृहस्थांनी १९९३ साली संगणकावरील चित्रांसाठी ‘मेसा’ लिहायला घेतले आणि १९९५ साली ते सर्वांना खुले केले. पडद्यावरच्या ठिपक्यांचे रंग ठरवणारा छोटा प्रोग्राम म्हणजे शेडर. त्याला चिपच्या भाषेत उतरवणारा तो कंपायलर. या कंपायलरची परीक्षा ‘पिग्लिट’ नावाच्या चाचण्या घेतात. गंमत अशी, की त्यांत मुद्दाम चुकीचे लिहिलेले शेडरही असतात. ते नाकारले, तरच कंपायलर पास! शिवाय एखादी चूक सापडली, की दुरुस्तीबरोबर तिची चाचणीही जपून ठेवतात. तीच चूक पुन्हा शिरली, तर लगेच पकडली जाते.

शाळेत मुले चूक हाताखाली झाकतात. इथे मोठमोठी माणसे ती चारचौघांत मांडतात आणि पुढच्यासाठी राखून ठेवतात. पूर्वी ऱ्हस्व-दीर्घाच्या भीतीने निबंधच न लिहिणारा हा मुलगा आता बिनदिक्कत म्हणतो, “सर, आज माझी एक चूक सापडली!”

दिवाळीची सुटी संपली, की वर्गात एक चुकांची वही ठेवणार आहे. नावे कुणाचीच नाहीत, खोडरबरालाही मज्जाव!