अंगठ्याचे सारथ्य

पाच बोटांच्या पंगतीत अंगठ्याला मानाचे पान असे कधी मिळालेच नाही. करंगळीवर गोवर्धन तोलला गेला, अनामिकेने अंगठी मिरवली, तर्जनीने साऱ्या जगाला दटावले. मधल्या बोटाला दुसरे काही नाही तरी उंची लाभली. अंगठ्याच्या नशिबी मात्र आली एकलव्याची गुरुदक्षिणा. लिहिता न येणाऱ्याला आपण अंगठेबहाद्दर म्हणतो, आणि देणेकरी टाळाटाळ करू लागला की त्याने अंगठा दाखवला म्हणतो. अशा ह्या उपेक्षित बोटाने आमच्या सोलापूरच्या घरी गेली दोन वर्षे मोटार हाकण्याचे काम पत्करले आहे. ते काम किती नाजूक आहे हे रोज संध्याकाळी पाहून माझ्या मनात त्याच्याविषयी हळूहळू आदर उत्पन्न झाला आहे.

मोटार अर्थात खरी नव्हे. ती संगणकाच्या पडद्यावर धावते. परंतु पोरखेळ म्हणून तिला झटकून टाकणेही बरे नव्हे. शर्यतीच्या साध्या खेळात गाडी भिंतीवर आपटली तरी चेंडूसारखी उसळून पुन्हा धावू लागते. इटलीच्या कुनोस सिमुलाझिओनी ह्या कंपनीने २०१४ साली बाजारात आणलेल्या 'असेट्टो कोर्सा'त तसे चालत नाही. तेथे कोणत्या टायरवर किती भार आहे, तो किती तापला, किती घसरला, ह्याचा हिशेब यंत्र क्षणोक्षणी मांडत असते. म्हणून अशा खेळाला सिम्युलेटर म्हणतात. शौकीन मंडळी त्यासाठी टेबलाला आवळून बसवायचे स्टिअरिंगचे चाक आणि पायाखाली ठेवायची पेडल विकत घेतात.

आमच्या चिरंजीवांकडे चाक नव्हते. पुण्याला नोकरी लागली तेव्हा त्यांनी आपले प्लेस्टेशन एका मित्राला विकले आणि संगणक घरी ठेवला. प्लेस्टेशनचा एक गेमपॅड मात्र कपाटात राहून गेला. पंख मिटून बसलेल्या वटवाघळासारखी ही काळी वस्तू दोन हातांत धरायची. वर दोन अंगठ्यांसाठी दोन टोपीदार कळी आणि समोरच्या अंगाला तर्जन्यांसाठी बंदुकीच्या चापासारखे दोन खटके. कळ वळवली की गाडी वळते, उजवा खटका दाबला की वेग आणि डावा दाबला की ब्रेक. एवढा सारा संसार.

आता अण्णांविषयी सांगितले पाहिजे. अण्णा माझे थोरले बंधू. एकतीस वर्षे ते एसटीत ड्रायव्हर होते. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली एसटी गेली, त्या गोष्टीला आमच्या अण्णांच्या लेखी पुराणातल्या कथेचा मान आहे. त्यांनी जन्मभर ज्या गाड्या चालवल्या त्यांतल्या बहुतेकांना पॉवर स्टिअरिंग नव्हते. पाटाएवढे रुंद चाक दोन्ही दंडांच्या जोरावर फिरवावे लागे. सोलापूर–तुळजापूर हा त्यांचा आवडता मार्ग. नवरात्रात जादा गाड्या सुटत, तेव्हा घाटात भरलेली गाडी चढवताना उघड्या खिडकीतून येणारा वाराही गरम लागे, असे ते सांगतात.

निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. वाचा वाचली, उजवे अंग वाचले. डावा पाय काठीच्या आधाराने चालू लागला. डाव्या हाताची बोटे मिटतात, पण उलगडायला वेळ घेतात. त्या हाताचा अंगठा तर रुसलेल्या जावयासारखा बाजूला बसून असतो. अण्णांनी ह्याबद्दल कधी तक्रार केली नाही. फक्त त्या दिवसापासून ते कुणाच्याही मोटारीत पुढच्या सीटवर बसत नाहीत. "पुढं बसलो की पाय ब्रेक हुडकतो," एवढेच एकदा म्हणाले. एरवी मागे बसून खिडकीबाहेर बघत राहतात.

दोन वर्षांपूर्वी चिरंजीव सुट्टीला आले आणि पॅड काढून खेळत बसले. अण्णा मागच्या खुर्चीवर होते. बराच वेळ ते गप्प राहिले आणि मग एकदम म्हणाले, "काय करलालास बे? वळणात शिरून ब्रेक मारतोस? आधी मार." पोराने आधी मारला. गाडी वळणातून रेशमासारखी निघाली. पुढच्या वळणालाही तेच. शेवटी पोराने पॅड त्यांच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाला, "मोठे काका, तुम्हीच घ्या."

अडचण लगेच पुढे आली. गाडी वळवायची कळ डाव्या अंगठ्याखाली, आणि तोच तर रुसलेला. खऱ्या मोटारीच्या बाबतीत गोष्ट येथेच संपली असती, कारण चाक काही उचलून दुसरीकडे बसवता येत नाही. येथे मात्र पोराने जागेवरून न हलता पडद्यावर एक यादी उघडली आणि स्टिअरिंग डाव्या कळीवरून काढून उजव्या कळीला दिले. अर्ध्या मिनिटाचे काम. अण्णांनी उजवा अंगठा ठेवला, उजव्या तर्जनीने वेग दिला आणि ब्रेकचा खटका डाव्या तर्जनीकडे ठेवला. मिटणे तिला जमतेच. गिअर यंत्राकडे सोपवावे लागले. हे मात्र त्यांना अजून पटलेले नाही. "गिअर दुसऱ्यानं टाकायचा म्हणजे गाडी आपली नव्हे," असे ते अधूनमधून पुटपुटतात.

प्लेस्टेशनचा पॅड संगणकाला कसा चालतो, असे कुणी विचारील. सोलापूरकराला हे समजावणे सोपे आहे. आमच्या बाजारात एका दुकानात मराठी, शेजारी कानडी आणि पलीकडे तेलुगू चालते. दुभाष्या माणूस बरोबर असला की तिन्ही ठिकाणी भाव करता येतो. विंडोजवरचे बहुतेक खेळ मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सच्या पॅडची बोली समजतात, सोनीच्या पॅडची बोली वेगळी. मध्ये दुभाष्या ठेवावा लागतो. 'डीएस४विंडोज' नावाचा एक छोटा प्रोग्रॅम हे काम करतो. खेळ विकणाऱ्या 'स्टीम'नेही २०१६ च्या अखेरीपासून सोनीचा पॅड समजून घ्यायला सुरुवात केली. वायर जोडली, दुभाष्या बसवला, की खेळाला कळतही नाही की समोरचा परका आहे.

अंगठ्याची ही कळ तशी फार जुनी नव्हे. पूर्वी पॅडवर नुसती बटणे असत: डावे दाबा, गाडी पूर्ण डावीकडे, उजवे दाबा, पूर्ण उजवीकडे. म्हणजे होय किंवा नाही. मोटार चालवणे तर होय आणि नाही ह्यांच्या मधल्या मुलुखातले काम! १९९६ साली निन्टेन्डो ६४ ह्या यंत्राने अंगठ्याची कळ घरोघर नेली. १९९७ च्या अखेरीस जपानात सोनीचा थरथरणारा ड्युअलशॉक पॅड निघाला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात 'ग्रॅन टुरिस्मो' हा मोटारींचा प्रसिद्ध खेळ आला. कळीच्या पोटात दोन छोटे फिरते रोध असतात, जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात असत तसेच. एक आडवी हालचाल मोजतो, दुसरा उभी. सोनीच्या चौथ्या प्लेस्टेशनच्या पॅडमध्ये आडवी हालचाल ० ते २५५ अशा आकड्यांत सांगितली जाते. मध्यावर साधारण १२८.

खरी मेख पुढेच आहे. साधी मोटार ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवायला चाकाचे सुमारे अडीच फेरे द्यावे लागतात. अंगठ्याची कळ इकडून तिकडे जेमतेम पाऊण इंच हलते. अडीच फेऱ्यांचे शहाणपण पाऊण इंचात कोंबायचे म्हणजे केसाएवढी चूकही रस्त्याबाहेर नेणार. म्हणून खेळात काही सोयी ठेवलेल्या आहेत. पहिली, मध्याजवळची थोडी जागा मृत ठेवायची. तेथे अंगठा हलला तरी चाक हलत नाही. हे ऐकताच अण्णा म्हणाले, "म्हणजे स्टिअरिंगचा प्ले. आमच्या जुन्या गाड्यांना चार बोटं असायचा." दुसरी सोय अशी की, कळ मध्याजवळ मऊ आणि टोकाशी तिखट करता येते. तिसरी, वेग वाढेल तसे चाक कमी वळते. चौथी, अंगठ्याला बसलेला हिसका गाळून गाडीपर्यंत सावकाश पोचवला जातो. ही चारही प्रमाणे जुळवताना पहिल्या आठवड्यात आमच्या घरी जी चर्चा झाली, ती चकलीच्या भाजणीच्या चर्चेपेक्षा कमी सूक्ष्म नव्हती.

अण्णांनी मार्ग निवडला तोही मोठा. जर्मनीतल्या न्यूरबुर्गरिंगचा १९२७ साली खुला झालेला उत्तरेकडचा वळसा, लांबी २०.८३ किलोमीटर. तुळजापूरच्या वाटेचा अर्धाही नाही, पण सगळा चढउतार आणि वळणे. खेळ करणाऱ्यांनी तो लेझरने मोजून उतरवला आहे. गाडी मात्र छोटी घेतली, अबार्थ ५००. लाल. पहिल्या महिन्यात एक फेरा धड पुरा होत नव्हता. आता बारा मिनिटांच्या आसपास होतो. पहिल्या दिवशीच अण्णांनी सारी वळणे आपल्या भाषेत बसवून टाकली. एक 'घाटाचं तोंड', एक 'नळाची मोरी', आणि एक भिंतीसारखे कलते गोल वळण आहे त्याला 'मौत का कुआँ', आमच्या गड्डा यात्रेच्या आठवणीने.

त्यांच्या त्या उशिरा उलगडणाऱ्या बोटाची गंमत मला पुष्कळ दिवसांनी कळली. टायरची पकड म्हणजे महिन्याचा ठरलेला पगार आहे. सगळा ब्रेकवर उधळला तर वळायला काही उरत नाही. सगळा वळण्यावर घातला तर थांबायची चोरी. म्हणून शर्यतीतले कसलेले चालक ब्रेक एकदम सोडत नाहीत. वळणात शिरताना तो थोडा थोडा सैल करतात आणि तेवढाच पगार वळण्याकडे वळवतात. हे शिकायला तरण्याताठ्या मुलांना फार सराव लागतो. अण्णांचे बोट एकदम उलगडतच नाही. ते आपल्या चालीने सावकाश उघडते आणि गाडी नाक खाली घालून शहाण्यासारखी वळते. दर वेळी असे जमते असे नव्हे; घट्ट वळणावर ब्रेक जरा जास्त रेंगाळला की गाडी गवतात जाते. अण्णा मग पॅड मांडीवर ठेवतात, डाव्या बोटांना उजव्या हाताने चोळतात आणि पुन्हा सुरू करतात.

चाकवाले लोक पॅडवाल्यांना कमी लेखतात, असे चिरंजीव सांगतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. चांगल्या चाकात मोटर असते. रस्ता हाताला ओढतो, पुढचे टायर घसरू लागले की चाक हलके पडते. पॅड नुसता थरथरतो: आत दोन मोटरी, एकीला जड वजन, एकीला हलके, आणि दोन्ही मुद्दाम एका बाजूला जास्त भरलेली. त्यातून रस्त्याचा खडबडीतपणा कळतो, भार कळत नाही. परंतु अण्णांचे अर्धे ड्रायव्हिंग आयुष्यभर कानांनीच झालेले. टायर कुरकुरू लागला की पडद्यावर काही दिसण्याआधी त्यांचा अंगठा सैल पडलेला असतो. कमी वळवावे, आधी वळवावे आणि गाडीला हिसका देऊ नये, ही त्यांची जुनी तीन सूत्रे. पूर्वी ती दंडांत होती, आता अंगठ्यात उतरली आहेत.

ह्या खेळाने हात बरा झाला, असा चमत्कार मी सांगणार नाही. तो होता तसाच आहे. पण संध्याकाळी सहाला अण्णा दाढी करून, सदरा बदलून खुर्चीवर येऊन बसतात. ड्यूटीवर जाताना बसत तसे, पाठ ताठ. फेरा संपला की किती मिनिटे लागली ते एका वहीत लिहितात. वहिनी म्हणतात, आजारपणानंतर त्यांनी स्वतःहून हातात घेतलेली ही पहिली वही.

आता नव्याचे जुने झाले. दोन वर्षांत उजव्या कळीतला रोध झिजला. अंगठा उचलला तरी गाडी किंचित डावीकडे ओढते. मृत जागा थोडी वाढवून आम्ही वेळ मारून नेली आहे. चिरंजीवांना ह्या दिवाळीला बोनस मिळाला आहे आणि पाडव्याला मोठ्या काकांसाठी चाक-पेडलांचा संच आणायचा त्यांचा बेत आहे. मी तो बेत अण्णांच्या कानावर घातला. ते थोडा वेळ गप्प राहिले.

"चाकाला दोन हात लागतात बे," ते म्हणाले. "एका हातानं चाक फिरवताना मला कुणी पाहिलेलं नाही. आता कशाला दाखवू?" मग डावीकडे ओढणारा तो पॅड उजव्या हातात घेऊन त्यांनी उलटसुलट करून पाहिला. "त्यापेक्षा चुंबकावर चालणारी कळ निघालीय म्हणे, घासत नाही, झिजत नाही. तसला पॅड आण म्हणावं. आणि फटफटीवर येऊ नको, एसटीनं ये."

मी दोन्ही निरोप पुण्याला कळवले आहेत.