येणाऱ्यासाठी बर्फ

आमच्या घरी बर्फ यायचा तो कोणीतरी येणार असलं म्हणजेच. जळगावचा मे महिना, पारा पंचेचाळीसला टेकलेला, आणि घरात फ्रीज नाही. पाहुण्यांची रिक्षा चौकात दिसली की आई माझ्या हातात स्टीलचा डबा द्यायची आणि मी गल्लीच्या टोकाच्या काकूंकडे पळायचे. गल्लीतला एकुलता एक फ्रीज त्यांचा. त्या ट्रे नळाखाली धरून खडे सोडवायच्या, मोजून आठ-दहा डब्यात टाकायच्या. डबा फडक्यात गुंडाळून पोटाशी धरायचा आणि धावत सुटायचं. घरी पोचेपर्यंत खड्यांचे कोपरे गेलेले असायचे. सरबतात पडले की पेल्याला लागून 'टक्' वाजायचे. आम्हा मुलांच्या पेल्यात तो आवाज कधी आला नाही. बर्फ येणाऱ्यासाठी असतो, एवढं मला फार लवकर कळलं.

मी आठ वर्षांची असताना आजी गेली, तीही मे महिन्यातच. काका भिलाईला पोलाद कारखान्यात. तो दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने येणार होता. अण्णांनी फॅक्टरीतून बर्फाच्या दोन लाद्या मागवल्या. हातगाडीवरून आल्या, गोणपाटाखाली, भुशाने माखलेल्या. ओसरीवर लाद्या, त्यावर चादर, त्यावर आजी. रात्रभर पाण्याचा ओघळ भुशाचे कण घेऊन मोरीकडे जात होता आणि मोठी माणसं आळीपाळीने पोत्याने फरशी टिपत होती. मी झोपेतून उठून लादीला बोट लावून पाहिलं आणि झटकन मागे घेतलं. उजाडता उजाडता काका आला. आजीच्या पायांवर डोकं ठेवून बसला, उठेचना. बऱ्याच वेळाने अण्णा म्हणाले, "चला, आता उचला." उरलेला तुकडा कोणीतरी अंगणातल्या कडुलिंबाच्या बुंध्याशी टाकला. तासाभराने तिथे नुसती ओल होती.

पुढे फ्रीज आला, लग्न झालं, पुण्यात बिऱ्हाड झालं आणि बर्फाचं अप्रूप संपलं. तो पुन्हा आयुष्यात शिरला २०१७ साली. मूल होत नव्हतं म्हणून आयव्हीएफ सुरू केलं होतं. पीसीओडीमुळे इंजेक्शनांना अंडाशयांनी जरा जास्तच जोरात साथ दिली. एकोणीस स्त्रीबीजं निघाली आणि पोट फुगून दम लागायला लागला. डॉक्टर म्हणाले, "आता लगेच ट्रान्सफर नको. त्रास वाढेल. सगळे एम्ब्रियो गोठवू, शरीर शांत झालं की बघू." पाचव्या दिवसापर्यंत वाढलेले तीन भ्रूण उरले. तिघेही थंडीत गेले.

मला डोळ्यांपुढे लादीच दिसत होती. एम्ब्रिऑलॉजिस्ट मॅडमना विचारलं, "बर्फात कसे राहतात हो ते?" त्या हसल्या. "बर्फ होऊच द्यायचा नाही, तीच तर सगळी मेहनत."

पेशीत पाणी असतं. ते सावकाश गोठलं तर त्याचे स्फटिक होतात आणि त्यांच्या टोकांनी पेशी आतून फाटते. म्हणून आधी भ्रूणाला साखर आणि गोठणरोधक द्रव्यं असलेल्या पाकात ठेवतात. त्याच्यातलं पाणी बाहेर येतं, तो आकसतो. मग बारीकशा पट्टीवर, दिसेल न दिसेल अशा थेंबात घेऊन तो थेट द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर. इतक्या झटक्यात, की स्फटिक बनायला सवडच मिळत नाही. थेंब काचेसारखा घट्ट होतो. याला विट्रिफिकेशन म्हणतात. ऐकताना मला आईचा साखरांबा आठवला. कैरीच्या फोडींना साखर लावून ठेवली की पाणी सुटतं, फोडी चिमतात, आणि त्या चिमतात म्हणूनच वर्षभर टिकतात.

ट्रान्सफरची सायकल सुरू झाली पाळीच्या दुसऱ्या दिवसाच्या सोनोग्राफीने. मग इस्ट्रोजेनच्या गोळ्या, दिवसातून तीनदा, घड्याळ लावून. गर्भाशयाचं अस्तर जाड व्हावं म्हणून. दवाखान्यातल्या बाकांवर बायका एकमेकींना नाव विचारत नाहीत, "तुमचं लायनिंग किती?" असं विचारतात. सात मिलिमीटरच्या पुढे गेलं आणि पडद्यावर तीन रेषा दिसल्या की हायसं वाटायचं. माझं बाराव्या दिवशी ६.२. रजा टाकलेली, आई जळगावहून आलेली, आणि डॉक्टर म्हणाले, "चार दिवस थांबू." तारीख सरकू शकते हे कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. एम्ब्रियोला मात्र घाई नव्हती. त्याला चार दिवस काय आणि चार वर्षं काय.

सोळाव्या दिवशी ८.१ भरलं आणि प्रोजेस्टेरॉन सुरू झालं. खरं घड्याळ तिथून चालू होतं. भ्रूण पाच दिवसांचा, म्हणजे अस्तरालाही प्रोजेस्टेरॉनचे पाच दिवस मिळायला हवेत. घर आणि पाहुणा एका वयाचे लागतात. तेलातलं इंजेक्शन कमरेखाली, रोज. सिस्टर बाटली तळहातांत घोळवून कोमट करायच्या, तरी ते दाट तेल आत शिरताना पाय आखडायचा. गाठी आल्या. मी म्हटलं, "बर्फ लावू का?" तर त्या म्हणाल्या, "बर्फ नको ताई, शेक द्या." घरी आईनेही थंड पाणी बंद केलेलं. पपई तर तिने घराच्या उंबऱ्याआत येऊ दिली नाही.

ट्रान्सफरच्या सकाळी मी फोन उशाशी घेऊन बसले होते. बहुतेक भ्रूण थंडीतून नीट बाहेर येतात, पण एखादा येत नाही, आणि तसं झालं तर फोन येतो. फोन वाजला नाही. तिकडे प्रयोगशाळेत पट्टी सदतीस अंशांच्या द्रावणात बुडवलेली; मग साखर कमी कमी होत जाणाऱ्या थेंबांतून भ्रूण पुढे सरकवलेला. चिमलेला जीव पाणी पिऊन तास-दोन तासांत पुन्हा फुगतो.

इकडे मी लिटरभर पाणी पिऊन बसलेले. मूत्राशय भरलं की पोटावरच्या सोनोग्राफीत गर्भाशय नीट दिसतं आणि सरळही होतं. मात्र त्यावर प्रोब दाबला की डोळ्यांत पाणी येतं. "धरून ठेवा, दहाच मिनिटं," सिस्टर म्हणत होत्या. भूल नाही, कापाकापी नाही. छोट्या खिडकीतून मॅडमनी माझं आणि नवऱ्याचं नाव विचारलं, पडद्यावर एक गोल दाखवला, मग एक मऊ, बारीक नळी आत गेली. राखाडी पडद्यावर एक पांढरा ठिपका लकाकला. नळी परत खिडकीतून गेली आणि आतून आवाज आला, "क्लिअर." म्हणजे नळीत काही मागे राहिलेलं नाही. लघवीला जाताना मी विचारलंच, "पडणार नाही ना?" सगळ्याच विचारतात म्हणे.

मग बीटाच्या, म्हणजे गर्भ राहिला का ते सांगणाऱ्या रक्ततपासणीपर्यंतचे बारा दिवस. पडून राहू नका, रोजच्यासारखं वागा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. छाती जड, पोट फुगलेलं, झोप येतेय. आणि ही सगळी लक्षणं प्रोजेस्टेरॉनचीसुद्धा, म्हणजे कशालाच अर्थ नाही. त्या दिवसांत मी वाचत बसले. कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून ३ ऑक्टोबर १९७८ रोजी एक मुलगी जन्मली. भ्रूण ५३ दिवस गोठवून ठेवला होता, असं त्यांनी सांगितलं. चौकशी समितीला ते पटलं नाही. १९८१ साली त्यांनी स्वतःला संपवलं. १९८६ साली मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतलं बाळ जन्मलं आणि ते देशातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ ठरलं. पुढे आनंद कुमारांनीच मुखोपाध्यायांचे कागद वाचले आणि जाहीरपणे सांगितलं, पहिले ते होते. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. थंडीत काय ठेवलं होतं ते त्या माणसाला ठाऊक होतं, आणि विश्वास यायच्या आत तो गेला.

बाराव्या दिवशी रिपोर्ट आला. 'दोनपेक्षा कमी.' गोळ्या बंद, इंजेक्शन बंद, चार दिवसांत पाळी. या जाण्याला सुतक नसतं, भेटायला कोणी येत नाही. त्या संध्याकाळी आईने लिंबाचं सरबत केलं, फ्रीजमधून ट्रे काढला आणि माझ्या पेल्यात बर्फ टाकला. 'टक्.' काही बोलली नाही. मीही नाही. येणारं कोणी नव्हतं, म्हणून त्या दिवशी तो माझा होता.

तीन महिन्यांनी पुन्हा तेच सगळं, तेल, गाठी, शेक, भरलेलं पोट, ठिपका. या खेपेला आकडा तीनशेच्या वर होता. इंजेक्शनं आणखी दोन महिने चालली. तो ठिपका आज सात वर्षांचा आहे आणि भर पावसाळ्यात फ्रीजरमधले खडे काढून कडाकडा चावतो.

तिसरा अजून तिथेच आहे. दरवर्षी दवाखान्याचा मेसेज येतो, साठवणुकीचे पैसे भरा. आता आम्हाला दुसरं मूल नको. हे आम्ही दोघांनी ठरवून झालंय, एकदा नव्हे, तीनदा. २०२१ च्या कायद्याप्रमाणे गोठवलेला भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षं ठेवता येतो. पुढे तो नष्ट होऊ द्यायचा, किंवा संमती देऊन नोंदणीकृत संशोधन संस्थेला द्यायचा. फॉर्मवर दोन चौकोन आहेत.

अण्णांना ते शब्द उच्चारायला किती वेळ लागला होता, ते आता कळतं. बर्फ ठेवणाऱ्याचं काम सोपं असतं. काका आल्यावरही कोणीतरी एकाने तोंड उघडावंच लागतं. यंदाचा मेसेज आला तेव्हा नवऱ्याने फोन माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, "भर." आणि त्यानेही काही न विचारता भरले.