नाही म्हणवत नाही

आमच्या घरी टेन्शन नेमके कोणत्या साली आले, ते कोणालाच सांगता येणार नाही. आजोबांना विवंचना असे, वडिलांना काळजी वाटे. मला मात्र टेन्शन येते. त्याच्या पाठोपाठ मूडही आला, आणि आल्यापासून तो सारखा जातोच आहे. मराठीचा प्राध्यापक म्हणून या पाहुण्यांकडे मी कपाळाला आठ्या घालून पाहावे, अशी लोकांची अपेक्षा असते. पण पाहुणा इतकी वर्षे राहून घरातली कामे करू लागला, तर त्याला पाहुणा तरी कसे म्हणावे? शब्द हुकमाने येत नाहीत आणि हुकमाने जातही नाहीत. आमच्या गावाचे नाव 2024 साली कागदोपत्री अहिल्यानगर झाले, पण एस.टी.त बसणारा माणूस अजून 'एक नगर द्या' असेच म्हणतो.

हे सारे मनात यायला निमित्त झाले ते एका वहीचे. तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी ती वही घेऊन माझ्याकडे आली. रोज तालुक्याहून एस.टी.ने येणारी, अबोल, हुशार मुलगी. इंग्रजी सुधारावे म्हणून तिने भावनांचे शब्द जमवले होते. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी. राग, मत्सर, निराशा हे सगळे भराभर जुळले होते. पुढे मात्र उजवी बाजू कोरी होती. सेल्फ-वर्थ, बाउंडरी, स्पेस, आणि सर्वांत खाली ठळक अक्षरांत, पीपल-प्लीजर.

"सर, याला मराठीत काय म्हणायचं?"

मी खुशीतच उत्तर दिले, "भिडस्त. किती नेमका शब्द आहे बघ!"

ती जरा घुटमळली. मग म्हणाली, "पण सर, भिडस्त म्हटलं की कौतुक वाटतं. आजी शेजारणीला सांगते, आमची पोर फार भिडस्त आहे. म्हणजे गुणाची आहे."

गेली वीस वर्षे मी भाषा शिकवतो. पण शब्दाच्या पोटात दडलेले कौतुक इतक्या नेमकेपणाने कोणी माझ्यापुढे ठेवले नव्हते. भिडेने माणूस भिकेला लागतो, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. म्हणून तर 'भीड भिकेची बहीण' ही म्हण झाली. पण म्हण सांगायची कोणाला? उसने पैसे देणाऱ्या पुरुषाला. सगळ्यांच्या वह्या उतरवून देणाऱ्या, पाहुणे आले की पुस्तक मिटून ओट्यापाशी उभी राहणाऱ्या मुलीला ती म्हण कोणी ऐकवत नाही. तिला शाबासकी मिळते. तिला हवा होता तो शाबासकी नसलेला शब्द, आणि तो तिला परक्या भाषेत सापडला. हिंदीत भीड म्हणजे गर्दी. भिडस्त माणसाच्या मनातही एक गर्दी उभी असते. तिच्यातला प्रत्येक जण काही तरी मागत असतो, आणि त्या गर्दीत स्वतःला मात्र उभे राहायला जागा नसते.

सेल्फ-वर्थची गोष्टही अशीच. स्वाभिमान म्हणावे तर त्यात आवाज चढतो. किंमत म्हणावे तर ती नेहमी दुसऱ्याने ठेवायची असते. विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1890 साली आपल्या ग्रंथात आत्मसन्मानाचा हिशोब एका अपूर्णांकात मांडला : वर यश, खाली आकांक्षा. हिशोब सुटसुटीत आहे. पण भिडस्त माणसाच्या बाबतीत खालचा आकडा दुसरेच लिहितात, आणि तो रोज वाढवतात. मग भागाकार पुरा व्हायचा कसा?

या मुलीपुढचा प्रश्न मात्र वहीतला नव्हता. परीक्षा तोंडावर आली होती, आणि आत्याच्या घरी लग्न निघाले होते. पंधरा दिवस मदतीला पाठवतो, असा शब्द वडिलांनी देऊन टाकला होता. तिने धीर करून घरी 'बाउंडरी' हा शब्द काढला. वडील म्हणाले, "कुणाच्या शेताची?" त्यांचे काही चुकले नाही. शेतकऱ्याच्या घरात हद्द निघाली की पाठोपाठ भांडण निघते.

तेव्हा आमचे बोलणे व्याकरणावर आले. इंग्रजीत माणूस 'मी रागावलेला आहे' असे म्हणतो, म्हणजे तो आणि राग एकच होतात. आपल्याकडे मला राग 'येतो', मला भीती 'वाटते'. भावना येणारी-जाणारी; आपण तिचे घर. आणि आपल्याजवळ एक विलक्षण क्रियापद आहे, शक्य क्रियापद. बघवत नाही, बोलवत नाही, मन मोडवत नाही. येत नाही असेही नाही, इच्छा नाही असेही नाही. काही तरी आतून धरून ठेवते. 'मी पीपल-प्लीजर आहे' म्हटले की कपाळावर शिक्का बसतो. 'मला नाही म्हणवत नाही' म्हटले की अडचण कुठे आहे ते कळते, आणि ती उद्या दूर होईल अशी आशाही राहते.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' मी वर्गात वाचून दाखवत असतो. नगर-राहुरीच्या मातीत वावरलेल्या या बाईंना ना शाळा होती ना इंग्रजी. घरातले उचलून दुसऱ्याला देणाऱ्या नवऱ्याबरोबर त्यांनी संसार केला, आणि त्यातले प्रेम, चीड, मानापमान असे लिहिले की आजही वाचताना हसू येते आणि डोळेही भरतात. काय घडले आणि मला काय वाटले, एवढेच त्या सांगतात. मी मुलीला म्हटले, "तूही एवढंच सांग."

तिने सांगितले. "बाबा, मला कुणालाच नाही म्हणवत नाही. त्याचा मला फार त्रास होतो." वडील बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तुझ्या आत्याला मलाही म्हणवलं नाही गं." पंधराचे दोन दिवस झाले.

परक्या शब्दाने तिला तिचे दुखणे दाखवले, हे मराठीच्या माणसाने मोकळ्या मनाने मान्य करावे. पण वडिलांपर्यंत पोचली ती घरचीच भाषा. दुरून आणलेले घरच्या बोलीत उतरवावे लागते. आमच्याच जिल्ह्यात, नेवाशाला, ज्ञानेश्वरांनी शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, संस्कृतातली गीता अशीच मराठीत उतरवली. ज्या खांबाला टेकून ते बसत असे सांगतात, त्याला 'पैस' म्हणतात. पैस म्हणजे ऐसपैस, मोकळी जागा. वहीत 'स्पेस'पुढे मी तोच शब्द लिहून दिला.

वाचकहो, या दिवाळीत तुमच्याही घरी कोणी गुणाची मुलगी न सांगता चकल्यांच्या घाण्यापाशी येऊन उभी राहील. तिचे कौतुक जरूर करा. पण त्याआधी एकदा विचारा : "बाई, तुला खरंच यायचं होतं का?" आणि ती काही बोलेपर्यंत थांबा.