आधी जपान, की आधी आम्ही?

लग्नानंतरचा पहिला प्रवास जपानचा ठरला, तेव्हा अम्मीने एवढंच विचारलं, "तिथं खाणार काय?"

प्रश्न खराच होता. रामेनचा रस्सा अनेकदा डुकराच्या हाडांचा, साध्या भाजीतही मिरिन, म्हणजे तांदळाचं गोड मद्य. पण आमचं भांडण झालं ते वेगळ्याच गोष्टीवरून. नवऱ्याने दहा दिवसांत सहा शहरं मांडली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा रेल्वे पास २९,६५० येनांवरून ५०,००० झाला. तो त्याला 'वसूल' करायचा होता. मी चार शहरं खोडली. टोकियो-क्योटोचं जाऊन-येऊन तिकीट पासपेक्षा स्वस्तच पडत होतं. दोन दिवस अबोला.

तिसऱ्या दिवशी त्याने यादीत एकच नाव वाढवलं: कोबेची मशीद. क्योटोहून रेल्वेने तासाभरावर. १९३५ साली बांधलेली. १९४५ चे बॉम्बहल्ले आणि १९९५ चा भूकंप, दोन्हींत आसपासचं शहर उद्ध्वस्त झालं, ती उभी राहिली.

"तिथं दोन रकात नफिल पढू," तो म्हणाला.

ते नाव मी खोडलं नाही. सोबत काय पाहायचं यापेक्षा सोबत कुठं थांबायचं, हे आधी ठरायला हवं होतं.