पावणेअकरा इंच

पहिलीतल्या मुलाला मोठ्या माणसाच्या खुर्चीवर बसवा आणि फक्त त्याचे पाय बघा. तळवे लोंबकळत असतात. थोड्या वेळात मूल पुढे सरकतं, पाय हलवायला लागतं, मग एक पाय दुमडून त्यावर बसतं. बाई म्हणतात, फार चुळबुळ्या आहे. पण खुर्चीची कड मांडीखाली रुतते आहे, पायाला मुंग्या येताहेत, आणि ते बिचारं फक्त टेकायला जागा शोधतं आहे.

सुतारकाम शिकवण्यात निम्मं आयुष्य गेल्यावर मला हे उमगलं. एका शाळेला आम्ही स्टुलं करून दिली होती. काम चोख, कडा गोल केलेल्या, पॉलिश सुरेख. उंची १६ इंच, कारण हाताला तीच सवय. पंधरा दिवसांनी गेलो तर स्टुलं भिंतीशी रचून ठेवलेली आणि पोरं सतरंजीवर. लाकूड, मजुरी, देणगीदाराचे पैसे, सगळं वाया गेलं होतं. तेव्हापासून मी आधी पाय मोजतो, मग लाकूड बघतो.

मूल पुस्तकांच्या गठ्ठ्यावर बसवायचं, मांडी सपाट, तळवा फरशीवर पूर्ण टेकलेला. फरशीपासून गुडघ्यामागच्या लवणीपर्यंत टेप धरायची. बैठक त्याहून उंच नको. आपल्या शाळांत चपला दाराबाहेर काढतात, तेव्हा टाचेसाठी उंची वाढवायचंही कारण नाही. पहिली-दुसरीत मला हे माप बहुधा ११ ते १२ इंच मिळतं.

आता प्लायवूड. ८ बाय ४ फुटांचं, १८ मिलिमीटर जाडीचं एक शीट घ्या. दुकानातच लांबीच्या दिशेने ११ इंचांच्या चार पट्ट्या कापून आणा. साडेतीन इंचांची एक पट्टी उरते, ती टाकू नका. एका स्टुलाला १४ इंचांची एक फळी वर आणि १० इंचांच्या दोन बाजू. उरलेल्या अरुंद पट्टीतून साडेदहा इंचांच्या नऊ आडपट्ट्या निघतात, दहावी रुंद पट्टीच्या उरल्या तुकड्यातून. करवतीच्या पात्याने खाल्लेली जागा धरूनही एका शीटमधून दहा स्टुलं होतात. बाजू १० इंच, वर जवळजवळ पाऊण इंचाची फळी, म्हणजे बैठक पावणेअकरा. तिसरी-चौथीसाठी बाजू १२ इंच करायची, मग मात्र शीटवर आखणी नव्याने मांडावी लागते.

सगळा जीव त्या आडपट्टीत आहे. ती बैठकीला खालून भिडवून, दोन्ही बाजूंच्या मधोमध उभी बसवायची. ती नसेल तर मूल जरा कलताच दोन्ही बाजू एकाच दिशेला झुकतात आणि सांधे सैल होतात. बाजू कडेपासून इंचभर आत घ्या. बाहेर राहिलेल्या कडेला मुलाची बोटं बरोबर बसतात आणि ते स्टूल स्वतः उचलून नेतं. बाजूंच्या खालच्या कडेला मधोमध इंचभर खोल कमान कापा, म्हणजे चार कोपरेच टेकतील. शहाबादी फरशीवर सरळ कड कधीच नीट बसत नाही. प्लायच्या जाडीत स्क्रू मारताना आधी बारीक भोक पाडायलाच हवं, नाहीतर थर फुटतात. डिंक लावून रात्रभर दाबून ठेवा. आणि पॉलिश पेपर मारताना कंटाळा करू नका. कुसळ गेलेलं मूल पुन्हा त्या स्टुलावर बसत नाही.

प्लाय परवडत नसेल तर एमआयडीसीच्या भंगारात पाइनची पॅलेट्स मिळतात. त्यांवरचा शिक्का वाचा. 'एचटी' म्हणजे लाकूड उष्णता देऊन कीडमुक्त केलेलं, ते चालतं. 'एमबी' म्हणजे मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेली. ते वर्गात आणू नका. शिक्का नसेल, डाग असतील, तरी नको. टायरच्या बैठका मला पसंत नाहीत. उन्हात तापतात, वास मारतात, पावसाळ्यात बाहेर राहिल्या तर आत पाणी साचून डास होतात.

मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममध्ये बालगृह सुरू केलं तेव्हा मुलांना हलवता येईल असं हलकं, बेताचं सामान करून घेतलं. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडी थेट पाड्यावरच्या अंगणात नेली. मी तिघींकडूनही घेतो, कारण जमिनीवर बसणं ही गरिबीची खूण आहे असं मला मुळीच वाटत नाही. मांडी घालून बसलेल्या मुलाला त्रास जमिनीमुळे होत नाही. वही फरशीवर असते, त्यामुळे पाठ कमानीसारखी वाकते. नवी मुंबईच्या 'आरंभ' संस्थेने जुन्या खोक्यांच्या पुठ्ठ्यापासून मेज होणारं दप्तर केलं, ते याच दुखण्यावर. आमचं पावणेअकरा इंचांचं स्टूलही सतरंजीवर बसलेल्या पोरासमोर ठेवलं की मेज होतं. लिहिताना मेज, गटात बसताना बैठक, आणि शाळा सुटली की कोपऱ्यात रचून वर्ग झाडायला मोकळा.

एका शाळेत आम्ही लवणीची मापं दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने मांडली, प्रत्येकापुढे नाव. यंदा जूनमध्ये पुन्हा मोजलं. दोन मुलींच्या खुणा बोटभर वर सरकल्या होत्या. त्यांची स्टुलं त्यांनीच उचलून पहिलीच्या वर्गात नेऊन ठेवली आणि परत येऊन विचारलं, "गुरुजी, आमची कधी कापायची?"