वीस इंची होडी

आबांची हत्यारं गावाहून धडगावला आणली तेव्हा बायको म्हणाली, "शाळा शिकवायला जाताय का चौकटी बसवायला?" पोत्यात वाकस होता, दोन रंधे, तीन पटाश्या, गुण्या, खतावणी आणि बारीक दात्यांची एक करवत. सगळ्यांवर गंज. एका रंध्याचं पातं तेवढं धड होतं, कारण आबा शेवटपर्यंत त्याला गोडेतेल लावत होते. काम सुटलं तरी तेल लावणं सुटलं नव्हतं.

आबा म्हणजे माझे वडील. आमचं गाव शहादा तालुक्यात, प्रकाशाच्या अलीकडे, तापीकाठी. आबांनी जन्मभर बैलगाड्या, वखर, पांभर केल्या. समुद्र त्यांनी पाहिला नाही. मी सहावीत असताना कॅलेंडरवरचं चित्र बघून पांगाऱ्याच्या लाकडाचं जहाज कोरलं. पांगारा मऊ असतो, साध्या चाकूनंही कोरता येतो. उंच डोलकाठी, तिला आईच्या जुन्या लुगड्याचं शीड. बैलांच्या हौदात सोडलं आणि जहाज लगेच कुशीवर निजलं. दोस्त खो खो हसले.

आबा हसले नाहीत. ते आमच्या अहिराणीत म्हणाले, "पानीमा टाकाना आगोदर हातवर तोलीसन देखं का?" त्यांनी डोलकाठी निम्म्यावर कापली. गाडीच्या चाकाच्या जुन्या धावेचा एक तुकडा काढून जहाजाच्या तळाला खिळ्यांनी ठोकला. पुन्हा सोडलं. जहाज थोडं खाली बसलं, डुलकलं आणि सरळ झालं. वरचं वजन कमी, खालचं जास्त. एवढंच होतं ते. पण माझी चित्रासारखी डोलकाठी गेली म्हणून मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही.

आमची तापी पुढे सुरतेला समुद्राला मिळते. त्याच सुरतेहून लवजी वाडिया १७३६ साली मुंबईला आले आणि त्यांच्या घराण्यानं पिढ्यानपिढ्या गोदीत सागवानी जहाजं बांधली. मुंबईत १८१७ साली बांधलेलं त्रिंकोमाली नावाचं त्यांचं एक जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. जुने जहाजबांधे आधी लाकडाची छोटी प्रतिकृती कोरायचे आणि तिच्यावरून मोठ्या जहाजाची मापं काढायचे, हे मी पुढे पुस्तकात वाचलं. मी नेमकं उलटं केलं. मोठ्या होडीवरून छोटी केली.

त्याचं कारण सांगतो. माझी नोकरी अक्राणीतल्या नर्मदाकाठच्या एका पाड्यावर. सरदार सरोवराचं पाणी चढत गेलं तशा इथल्या पायवाटा पाण्याखाली गेल्या. अक्कलकुवा आणि अक्राणी मिळून महाराष्ट्राची ३३ गावं या पाण्यानं घेतली. आता बाजार, दवाखाना, लग्न, मयत, सगळं बोटीनं. मीसुद्धा कितीदा तरी दाटीवाटीनं उभा राहून आलोय. 'चला गुरुजी, एक माणूस मावतो' म्हटलं की चढायचं.

२०१९ च्या संक्रांतीला मी शहाद्यात तिळगूळ खात होतो. फोन आला. नर्मदेत स्नानाला आलेल्या लोकांची बोट भूषा गावाजवळ उलटली होती. माणसं गेली. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त लोक होते, असं दुसऱ्या दिवशी पेपरांत आलं. शाळेत परतलो तर पोरं गप्प. पानांच्या होड्या करणारी पोरं हौदाकडे फिरकत नव्हती. आठवड्यानं चौथीतल्या एका मुलीनं विचारलं, "गुरुजी, बोट उलटते कशी?"

मी फळ्यावर आकृती काढली. तिनं मान हलवली, पण तिला कळलं नव्हतं. खरं तर मलाही शब्दांत नीट सांगता येत नव्हतं. पुढच्या सुट्टीत हत्यारांचं पोतं घेऊन आलो.

पाड्यावर वल्ह्यांची एक जुनी होडी होती. टेप घेऊन मोजायला गेलो तर होडीवाले काका म्हणाले, "विकत घ्यायचीय का गुरुजी?" लांबी वीस फूट, मधोमध रुंदी चार, खोली पावणेदोन. फुटाला इंच धरला. म्हणजे वीस इंच, चार इंच, पावणेदोन इंच. तळ सपाट, बाजू बाहेर कललेल्या, दोन्ही टोकं निमुळती.

जुन्या खिडकीच्या सागवानी चौकटीतून तीन मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या काढल्या. करवतीचं काम दोन संध्याकाळचं, रंध्याचं आठवडाभराचं. आबांचा हात चालायचा तेव्हा रंध्यातून कागदासारखी अखंड साल निघायची. माझ्या हातून आधी नुसता चुरा पडला. मी लाकडाच्या रेषांच्या उलट रंधा मारत होतो! पट्टी फिरवली, पातं केसभर आत घेतलं, तेव्हा कुठे साल आली.

सुकी पट्टी वाकवली की मोडते. दोन मोडल्यावर पातेल्यात पाणी उकळून पट्ट्या त्यात बुडवल्या. लाकडी ठोकळ्यांचा साचा करून गरम पट्टी त्याच्याभोवती हळूहळू वळवायची, कपड्यांचे चिमटे लावायचे आणि रात्रभर हात लावायचा नाही. हे शेवटचं सगळ्यांत अवघड. बारीक चुकांनीही पातळ साग फाटतो, म्हणून आधी छिद्र पाडून बांबूच्या काड्या ठोकल्या. पहिल्यांदा पांढरा डिंक वापरला तो पाण्यात सुटला. सगळं उकलून पुन्हा दोन नळ्यांचा, पाण्याला दाद न देणारा डिंक आणला. फटींत कापसाची वात दाबून वर तेलातली राळ. कापूस मात्र आमच्या शेतातला.

होडी भरली दोनशे वीस ग्रॅम. आता माणसं हवी होती. इथे माझं गणित आधी चुकलं. लांबी बारावा हिस्सा, म्हणून वजनही बारावा हिस्सा धरलं. पन्नास किलोचा माणूस चार किलोचा! मग लक्षात आलं, लांबी, रुंदी, उंची तिन्ही बारापट लहान झाल्यात. बारा गुणिले बारा गुणिले बारा, म्हणजे १७२८. पन्नास किलोला तेवढ्यानं भागलं की एकोणतीस ग्रॅम येतात. पोरं नदीतून खडे आणत, मी दुकानाच्या काट्यावर तोलत होतो. दुकानदार म्हणाला, "भाव काय खड्यांचा?"

शाळेजवळच्या गुरांच्या हौदात होडी सोडली. पोरं भोवती उभी. काकाही आले होते. वीस खडे ठेवले. काठ पाण्याच्या बोटभर वर. आणखी दहा ठेवले. होडी खाली गेली, पण तशीच शांत उभी. काका म्हणाले, "एवढी तर रोज बसतात." सहा खडे एका बाजूला सरकवले. होडी कलली, पाणी काठाजवळ आलं, पण आत आलं नाही. मला वाटलं, आपला प्रयोग फसला.

मग बारा खड्यांखाली रिकाम्या काडेपेट्या उभ्या ठेवल्या. म्हणजे बारा माणसं उभी राहिली. वजन तेवढंच, माणसं तेवढीच. चार खडे जरासे एका कडेला घेतले, आणि काठावरून पाणी आत आलं. एकदा आलं ते थांबलं नाही. मी हात घालेपर्यंत होडी तळाला गेली आणि काडेपेट्या वर तरंगत राहिल्या.

कुणी हसलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे ती निजलेली डोलकाठी आली. काका बराच वेळ पाण्यात बघत होते. म्हणाले, "उलटेपर्यंत ती काही सांगतच नाही की."

नंतर पोरांनीच हौदाचा ताबा घेतला. रोज मधल्या सुट्टीत माणसं चढायची, उतरायची. त्या चौथीतल्या मुलीकडे बोटवाल्याचं काम. खडे घेऊन पोरं रांगेत उभी राहायची, ती मोजून ठेवायची. विसाव्यानंतर एकानं आपला खडा पुढे केला, "माझी आजी आहे, दवाखान्यात चाललीय." तिनं क्षणभर विचार केला, आधी ठेवलेला एक खडा उचलून त्याच्या मालकाच्या हातात दिला आणि म्हणाली, "तू दुसऱ्या फेरीला ये."