खोटी

महाड एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत मी डिस्पॅचला आहे. ड्रम कंटेनरमध्ये भरायचे, कंटेनर न्हावाशेव्याला पाठवायचा, हे माझं काम. प्रत्येक जहाजाची एक कट-ऑफ वेळ असते. त्याआधी कंटेनर बंदराच्या गेटमधून आत गेला नाही, तर तो पुढच्या जहाजाची वाट बघत बसतो. गेल्या वर्षी आमच्या बऱ्याच गाड्या चुकल्या. साहेब म्हणाले, "कोण उशीर करतं ते काढ."

मी एक्सेल शीट केली. आमच्या गेटमधून गाडी सुटल्याची वेळ, बंदरात शिरल्याची वेळ, वजाबाकी. तळाला आले पोलादपूरकडचे एक ड्रायव्हरकाका. ट्रान्सपोर्टरने त्यांच्या फेऱ्या कमी केल्या. फेरी नाही म्हणजे भत्ताही नाही.

काका भांडले नाहीत. महिनाभराने एवढंच म्हणाले, "एकदा माझ्या गाडीत बसून ये."

बसलो. रिकामा कंटेनर घेऊन ते सकाळी दहालाच गेटवर आले होते. माल भरून सील लागायला रात्रीचे आठ वाजले. उशिरा भरणारी गाडी कायम त्यांच्याच वाट्याला येते, कारण ते कुरकुर करत नाहीत. हायवेला लागलो, दासगाव मागे पडलं. डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेब सत्याग्रहासाठी मुंबईहून बोटीने येऊन इथेच उतरले होते. तेव्हा बंदर महाडच्या दारात होतं. आता मध्ये माणगाव, कोलाड, वडखळ, पेण आणि वर्षानुवर्षं अर्धवट राहिलेला रस्ता आहे.

रात्री दोनला बंदराच्या पार्किंगमध्ये पोचलो. आणि थांबलो. आत जायला फॉर्म-१३ लागतो. तो निघायला भरलेल्या कंटेनरच्या वजनाचा दाखला लागतो. तो दाखला एजंटला कोण पाठवतं? मी. कधी? सकाळी साडेनऊला, ऑफिसात चहा झाल्यावर.

काका स्टेअरिंगवर डोकं टेकून म्हणाले, "याला खोटी म्हणतात. गाडी उभी, माणूस उभा. तुझ्या कागदावर मात्र मी चालतोय."

माझी झोप मी त्यांच्या नावावर लिहीत होतो.

त्या रात्री मोबाइलवर बंदरांची मोजमापं वाचत बसलो. जागतिक बँक आणि एस अँड पी ग्लोबल कंटेनर बंदरांची क्रमवारी काढतात. २०२३ च्या यादीत चीनचं यांगशान पहिलं होतं. पहिल्या शंभरात भारताची नऊ बंदरं होती. विशाखापट्टणम १९ वं, मुंद्रा २७ वं, आपलं न्हावाशेवा ९६ वं. यात मोजतात जहाजाचा वेळ : बंदराच्या हद्दीत आल्यापासून धक्का सोडेपर्यंत. बंदरं स्वतः आणखी मोजतात : क्रेन तासाला किती कंटेनर उचलते, कंटेनर आवारात किती वेळ पडून राहतो. ही मापं खोटी नाहीत. जहाज उभं राहिलं की पैसे जळतात, म्हणून त्याचा तास न तास मोजला जातो. ड्रायव्हर उभा राहिला तर कंपनीचं काही जळत नाही. म्हणून त्याचं घड्याळ आमच्याकडे कोणी लावलेलंच नाही.

घड्याळ कुठे सुरू करायचं हे ठरवणाराच उशीर कोणाचा ते ठरवतो. मी ते आमच्या गेटच्या बाहेर सुरू केलं होतं, म्हणून आतला कोणीच दोषी निघाला नाही.

परत आल्यावर शीटमध्ये दोन रकाने वाढवले : रिकामा कंटेनर गेटवर आल्याची वेळ आणि आमचे कागद गेल्याची वेळ. शीट साहेबांना पाठवली. त्यांनी बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "वजनाचा दाखला सील लागताच जाऊ दे." आता तो मी रात्री घरून मोबाइलवर पाठवतो. उशिराच्या गाड्याही आळीपाळीने लागतात.

काकांच्या फेऱ्या पूर्ववत झाल्या. बुडालेल्या महिन्याचा भत्ता मात्र कोणी दिला नाही. मी विचारलं तेव्हा ट्रान्सपोर्टर म्हणाला, "रिपोर्ट तुमचाच होता ना?"

होता.